नगराचे अंदाजपत्रक आणि नागरिक



नगराच्या विकासाची योजना कोणी आखावी, ह्या प्रश्नाचे आपल्याकडील उत्तर ठरलेले आहे. ती तज्ज्ञांनी आखावी आणि नागरिकांनी तीवर हरकती नोंदवाव्यात. हरकत घेऊन नागरिक कचेरीत येतो तेव्हा नकाशावरील रेषा ओढून झालेल्या असतात. हा क्रम उलटा करून पाहणाऱ्या एका नगराविषयी मी आज बोलणार आहे.

ब्राझीलच्या दक्षिणेस पोर्तो आलेग्रे हे सुमारे तेरा लाख वस्तीचे नगर आहे. तो देश 1964 पासून 1985 पर्यंत लष्करी अंमलाखाली होता. 1988 च्या राज्यघटनेने नगरपालिकांना अधिक महसूल व अधिक स्वायत्तता दिली आणि 1989 मध्ये कामगार पक्षाचे ओलिव्हियो दुत्रा येथे महापौर झाले. अंदाजपत्रक लोकांपुढे मांडून ठरवावे, अशी मागणी वस्त्यांच्या संघटनांनी त्यापूर्वीच केली होती. सारे श्रेय त्या पक्षाच्या पदरी टाकणे म्हणूनच न्याय्य होणार नाही.

आरंभ निराशाजनकच झाला. लोकांनी मागण्या मांडल्या. पण जवळजवळ सर्व उत्पन्न नोकरवर्गाच्या वेतनात जात होते. तिजोरी रिकामी असताना लोकांचे मत विचारणे ही एक प्रकारची थट्टाच होय. पुढे घरपट्टीची फेररचना झाली, मोठ्या मालमत्तेवर अधिक कर बसला, आणि मगच सभांना अर्थ आला.

नगराचे सोळा विभाग पाडण्यात आले. प्रत्येक विभागाच्या सभेत रहिवासी आपल्या गरजांचा अग्रक्रम लावीत व प्रतिनिधी निवडीत. त्यातूनच अंदाजपत्रकाचे मंडळ बनत असे. पैशाची वाटणी गुणांनुसार होई: विभागाने लावलेला अग्रक्रम, लोकसंख्या, आणि त्या सोयीची तेथील उणीव. उणीव जितकी मोठी तितके गुण अधिक. सभेत आवाज किती चढला, ह्याला गुण नव्हते! ही साधी गणिती युक्ती मला साऱ्या भाषणबाजीहून मोलाची वाटते. 1989 मध्ये मलनिस्सारणाची सोय 46 टक्के लोकांना होती. 1996 पर्यंत ती 85 टक्क्यांना मिळाली.

येथे अर्थशास्त्रज्ञ विचारतात, गटारे आणि फरसबंदी म्हणजे का आर्थिक विकास? उद्योग, रोजगार, दहा वर्षांपुढचा विचार ह्यांचे काय? आक्षेप खोटा नाही. वस्तीची सभा आपल्या गल्लीपलीकडे सहसा पाहत नाही. हे ओळखून 1994 पासून विषयवार सभा सुरू झाल्या. त्यांतील एक ‘आर्थिक विकास व करआकारणी’ ह्या विषयाची होती. तरीही दोन्हींचा सांधा पुरता जुळला नाही, असे माझे मत आहे. लोकांच्या हाती प्रत्यक्षात आला तो नव्या कामांच्या खर्चाचा भाग, म्हणजे एकूण अंदाजपत्रकाचा लहानसा हिस्सा. परंतु पावसाळ्यात जिच्या दारात सांडपाणी शिरते, तिने आधी कारखान्याचा विचार करावा असे कोणत्या तोंडाने म्हणावे? तिच्या दृष्टीने आजारपणात बुडालेली मजुरी हाही अर्थशास्त्राचाच विषय आहे.

आपल्याकडे 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या नगरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. पुणे महानगरपालिकेने 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागविण्यास आरंभ केला. पुण्याचा नागरिक आपली सूचना अर्जात लिहून देतो. पोर्तो आलेग्रेचा नागरिक शेजारच्या वस्तीचे गाऱ्हाणे कानांनी ऐके आणि प्रसंगी आपली मागणी एक वर्ष मागे घेई.

2004 च्या निवडणुकीत तेथील सत्ता बदलली. सभा चालू राहिल्या, परंतु मंडळाचे वजन कमी होत गेले, ठरलेली कामे रखडू लागली, आणि 2017 मध्ये महापालिकेने तो क्रम स्थगित केला. घातलेल्या गटारांतून पाणी मात्र वाहतच राहिले.