पाडस एकटं दिसलं तर

कळसच्या माळावर शेरडं घेऊन गेलं की चिंकारा दिसतोच. आपण त्याला हरीण म्हणतो, पण तो चितळ-सांबराच्या कुळातला नाही. तो काळविटाच्या, म्हणजे आपल्या गाई-शेळ्यांच्याच कुळातला. चितळ-सांबराची शिंगं गळून पुन्हा नवी येतात, चिंकाऱ्याची जन्मभर राहतात. मादीलाही शिंगं असतात, पण बारीक. वजन जेमतेम २०-२५ किलो. पाला, गवत, बोरं यांतल्या ओलाव्यावर तो पाण्याविना बरेच दिवस काढतो, म्हणून तर आपल्या दुष्काळी भागात टिकला. सुप्याजवळचं मयुरेश्वर अभयारण्य १९९७ साली झालं, ते मुख्यतः चिंकाऱ्यांसाठी. पण ते लहान, साधारण ५ चौरस किलोमीटरचं. अभयारण्याबाहेरचे चिंकारे आपल्यासारख्या गावांच्या माळावरच राहतात.

आज बोलायचं आहे ते पाडसाबद्दल. आमच्या गटातल्या एकीला गवतात एकटं पाडस सापडलं. आई सोडून गेली असं वाटून तिनं ते पदरात घालून घरी आणलं. आम्हीही कौतुकानं बघायला गेलो. बाटलीनं दूध पाजलं. चौथ्या दिवशी ते मेलं.

नंतर कळलं, आई सोडून गेलीच नव्हती. चिंकारी पाडसाला गवतात लपवून चरायला लांब जाते आणि दिवसातून काही वेळाच येऊन पाजते. ती जवळ थांबली तर लांडग्या-कुत्र्यांना जागा कळेल. पाडसाच्या अंगाला वासही फार नसतो. ते हलत नाही, ओरडत नाही. आपल्याला वाटतं आजारी आहे. आम्ही दूध पाजत होतो तेव्हा ती माळावर त्याला शोधत असणार.

तेव्हा हात लावू नका, लांबूनच निघून या. शेरडांबरोबर कुत्रं असेल तर त्याला आवरा. कुत्र्यांनी पाठलाग केला तर चावा न बसताही चिंकारा भीतीनं आणि दमछाकीनं मरू शकतो. जखमी दिसला, विहिरीत पडला, तर वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. घरी पाळणं हा कायद्यानंही गुन्हा आहे, दया म्हणून आणलं तरी.

आणि उन्हाळ्यात माळाला काडी लावणाऱ्यांना घरातूनच अडवा. लपून बसलेलं पाडस आग आली तरी पटकन उठत नाही.