उंदरापासून बालकापर्यंत



मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण मोफत वाचनालयात झाले. हिवतापाच्या लसीवर मी बोलावे याचे कारण एवढेच की, हिवताप आला की हजेरी बुडते आणि हजेरी बुडली की चूल थंडावते.

१९६७ साली न्यूयॉर्कमध्ये रूथ नुसेन्झ्वाइग यांनी उंदरांच्या हिवतापाचे जंतू क्ष-किरणांनी दुबळे करून उंदरांना टोचले. पुढे जोमदार जंतू टोचले, तरी पुष्कळ उंदीर बचावले. पण असे जंतू डासांच्या लाळग्रंथींतून काढावे लागत. कोट्यवधी मुलांना ते पुरवणार कसे? म्हणून जंतूच्या अंगरख्यातले एक प्रथिन वेगळे ओळखण्यात आले. त्याचा तुकडा काविळीच्या एका विषाणूच्या प्रथिनाला जोडला आणि ते जोडप्रथिन यीस्टकडून तयार करून घेतले. लस झाली ती ही.

आता अडचण पाहा. माणसाचा घातक हिवताप उंदराला होत नाही. तेव्हा उंदराच्या जंतूला माणसाच्या जंतूचे ते प्रथिन चढवून लस पारखली गेली. तरीही उंदीर वाचला म्हणजे मूल वाचलेच, असे नव्हे. १९९७ साली जाहीर झालेल्या प्रयोगात लसीच्या एका मिश्रणाने सातांपैकी सहा स्वयंसेवकांना वाचवले. परंतु आफ्रिकेतील लहान मुलांमध्ये, चार मात्रा देऊनही, चार वर्षांत ताप सुमारे ३६ टक्क्यांनीच घटला. हा आकडा लहान म्हणून हिणवू नका. २०२३ साली हिवतापाने जगात सुमारे सहा लाख माणसे दगावली. त्यांतली बहुतेक आफ्रिकेतील पाच वर्षांखालची मुले होती.

जागतिक आरोग्य संघटनेने या लसीची शिफारस २०२१ साली केली. दुसरीची २०२३ साली, आणि ती दुसरी पुण्यात तयार होते. पहिल्या उंदरापासून पहिल्या शिफारशीपर्यंत ५४ वर्षे गेली! जंतू कपटी आहे, हे खरे. पण ज्यांना लस हवी त्यांच्या खिशात पैसा नाही, हेही तितकेच खरे.

आणि अजून एक हिशेब राहतो. मात्रा चार, म्हणजे मुलाला दवाखान्यात नेण्याच्या खेपाही चार. मळ्यावर रोजाने राबणाऱ्या आईचा त्यात चार वेळा रोज बुडणार. तो कोण भरून देणार? प्रयोगशाळेने आपले काम केले आहे. लसीच्या दिवसाची भरपगारी रजा मागणे हे काम आपल्यासारख्या संघटनांचे आहे, मग ती आई कोणत्याही देशातली असो.