एकच खेळ? इतक्या लवकर नको



रायपुरातले पालक मला नेहमी विचारतात, "सर, मुलाला पुढे कॉलेजात क्रीडा कोट्यातून प्रवेश हवा आहे. मग आत्तापासूनच एक खेळ धरायला नको का?" मुलगा असतो नऊ वर्षांचा. सकाळी नेट, संध्याकाळी नेट, रविवारी मॅच. फुटबॉल बंद, पोहणं बंद.

माझं उत्तर सरळ आहे. पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत दोन-तीन खेळ खेळू द्या. मग एक निवडा.

आधी आपल्याच छत्तीसगडचं उदाहरण घेऊ. लेस्ली क्लॉडियस यांचा जन्म १९२७ सालचा, बिलासपूरचा. तरुणपणी ते फुटबॉल खेळायचे. १९४६ साली खरगपूरला, बंगाल नागपूर रेल्वेच्या हॉकी सरावात एक खेळाडू कमी पडला, म्हणून त्यांच्या हाती स्टिक आली. वय एकोणीस. दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, लंडनला ऑलिंपिक सुवर्ण. पुढे १९५२ आणि १९५६ ची सुवर्णपदकं, आणि १९६० ला रोममध्ये कर्णधार म्हणून रौप्य. फुटबॉलमध्ये गेलेली वर्षं वाया गेली, असं कोण म्हणेल? दम, पायांची चपळाई, मोकळी जागा हेरण्याची नजर, हे सगळं ते सोबत घेऊनच आले होते.

आता शरीराचं बघू. वाढत्या वयात हाडांची टोकं कोवळी असतात. रोज तोच चेंडू, तोच खांदा, तोच कंबरेचा झटका. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या पोरांच्या कंबरेच्या मणक्याला तडा जातो, तो एका दिवसात नाही, वर्षभराच्या माऱ्याने. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं आहे: आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी, आणि वर्षात एकूण तीन महिने, एकेक महिन्याच्या टप्प्यांत, त्या मुख्य खेळापासून विश्रांती. आपल्याकडे मे महिन्याच्या उन्हात मुलं दोन वेळा नेटवर उभी असतात.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्रांची. दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी क्रीडा कोट्यासाठी मागच्या मोजक्या वर्षांचीच प्रमाणपत्रं बघतात. नवव्या वर्षी मिळालेला कप तिथे कोणी विचारत नाही. विचारतात ते सतराव्या-अठराव्या वर्षी तुम्ही काय करता ते. त्या वयात गुडघा आणि कंबर शाबूत हवी, आणि मैदानावर जायची हौसही.

आणि खेळ सुटलाच तर? मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले, आपल्या सैन्यातले बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि बॉक्सिंग संपलं. १९६८ च्या पॅरालिंपिकला ते टेबल टेनिस खेळले आणि १९७२ ला हायडलबर्गमध्ये पोहण्यात सुवर्ण जिंकले. अशी जिद्द सगळ्यांत नसते, मान्य. पण ज्या मुलाला एकच खेळ येतो, त्याचं दुखापतीनंतर सगळंच थांबतं. बारावीच्या वर्षी असं पोर घरात बसलेलं पाहणं फार जड जातं.

कोणी म्हणेल, साहेब, सैन्याच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्यांत लहान मुलांनाच एका खेळाला लावतात की! बरोबर. पण तिथे शाळा, आहार, डॉक्टर, विश्रांती, सगळं एका छताखाली असतं. गल्लीतल्या ॲकॅडमीत यातलं काय असतं? जिम्नॅस्टिक्ससारखे काही खेळ लवकर सुरू करावे लागतात, हेही खरं. क्रिकेट, हॉकी, फुटबॉल, ॲथलेटिक्सला ती घाई नाही.

म्हणून हिशेब सोपा ठेवा. बारा वर्षांपर्यंत एक चेंडूचा खेळ, एक धावण्या-उड्यांचा, आणि एक पोहणं किंवा कबड्डी-कुस्तीसारखा. गिल्ली-दांडू, पिट्ठुल, लंगडी यांनाही कमी लेखू नका. छत्तीसगडिया ऑलिंपिकमध्ये हे खेळ होतेच. बारा ते पंधरा, एक मुख्य आणि एक जोडीचा. त्यानंतर एकच, पण सुट्टीसकट.

प्रशिक्षकाला फी देण्याआधी एक प्रश्न विचारा: "पावसाळ्यात दोन महिने मुलगा दुसरा खेळ खेळला तर चालेल ना?" "संघातून काढू" असं उत्तर आलं, तर दुसरं मैदान शोधा. रायपुरात मैदानं बरीच आहेत. मुलाचा गुडघा मात्र एकदा गेला की पुन्हा तसाच मिळत नाही.

जय हिंद.