खुणांवरून देश

मराठी घरांतून गावांच्या भेंड्यांचा खेळ पूर्वापार चालत आला आहे. त्याचेच एक धाकटे भावंड म्हणजे खुणेवरून देश ओळखण्याचा खेळ होय. एकाने पिरॅमिड म्हणावे आणि दुसऱ्याने मिसर देशाचे नाव घ्यावे. एकाने फुजियामाचे शिखर सांगावे आणि दुसऱ्याने जपान म्हणावे. ट्यूलिपची फुले आणि पवनचक्की असे शब्द कानी पडताच शाळकरी मूलदेखील हॉलंड म्हणून मोकळे होते. खेळ सोपा आहे, आणि सोपा आहे म्हणूनच थोडा फसवाही आहे. कारण ट्यूलिपचे कांदे सोळाव्या शतकात तुर्की साम्राज्यातून युरोपात गेले. आणि वाऱ्यावर फिरणारी जाती हॉलंडच्या कित्येक शतके आधी इराणच्या पूर्व भागात धान्य दळीत होती. उत्तर बरोबर येते, परंतु त्या उत्तरामागची हकीकत मात्र हातून निसटते.

खुणा कशा बोलतात आणि कशा चकवितात, हे पाहण्यास बंगळूरच्या उत्तरेला असलेले येलहंका हे ठिकाण फार सोईचे आहे. एके काळचे हे स्वतंत्र गाव आता महानगरात मिळून गेले आहे. तेथे देशांच्या खुणा दोन जागी पाहावयास मिळतात. एक आकाशात, दुसरी जमिनीवर.

आकाशातल्या खुणा आधी पाहू जाव्यात. येलहंक्याला भारतीय वायुदलाचा तळ आहे, आणि १९९६ पासून साधारणतः दर दोन वर्षांनी तेथे विमानांचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरते. प्रत्येक देशाच्या लष्करी विमानावर त्या देशाचे चिन्ह रंगविलेले असते. भारताचे चिन्ह म्हणजे केशरी, पांढऱ्या व हिरव्या रंगांचे एकात एक बसविलेले वर्तुळ. कॅनडाच्या वर्तुळात मेपलचे पान आहे, ऑस्ट्रेलियाच्या वर्तुळात कांगारू आहे, तर न्यूझीलंडच्या वर्तुळात किवी पक्षी आहे. ज्या पक्ष्याला मुळी उडताच येत नाही, तो विमानाच्या अंगावर बसून आभाळात हिंडतो, ही त्यातली गंमत. परंतु सगळ्याच खुणा इतक्या बोलक्या नसतात. फ्रान्स आणि ब्रिटन ह्या दोघांचेही रंग निळा, पांढरा आणि तांबडा. फ्रान्सच्या वर्तुळात निळा मध्यभागी असतो, ब्रिटनच्या वर्तुळात तांबडा. क्रम तेवढा उलटा! फेब्रुवारी २०२५ मध्ये येलहंक्याच्या प्रदर्शनात अमेरिकेचे एफ-३५ आणि रशियाचे सुखोई-५७ ही दोन्ही विमाने हजर होती. ह्या दोन राष्ट्रांचे चिन्ह कोणते? दोघांचेही ताराच. एकाचा पांढरा, दुसऱ्याचा तांबडा.

शांततेच्या काळात अशी चूक झाली, तर फार तर हसे होईल. युद्धात मात्र तिची किंमत प्राणांनी मोजावी लागते. १९४२ साली जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या. जपानी विमानावर तांबडी तबकडी असे, आणि ब्रिटिश विमानावरील वर्तुळाच्या मध्यभागीही तांबडा रंगच असे. भरधाव विमानावरचा तांबडा ठिपका मित्राचा की शत्रूचा, हे ठरविण्यास तोफेवरील माणसाला क्षणभराचाच अवधी मिळे, आणि त्या क्षणात आपल्याच माणसावर गोळी सुटण्याचे भय असे. म्हणून भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील ब्रिटिश व हिंदी विमानांच्या खुणेतून तांबडा रंग काढून टाकण्यात आला. अमेरिकेनेही त्याच वर्षी आपल्या ताऱ्यातला तांबडा ठिपका पुसला. खूण खरी होती, रंगही खरा होता. तरी एवढ्याने ओळख पटत नाही, हे त्या वेळी अनुभवाने शिकावे लागले.

आकाशातल्या खुणा निदान देशांनी जाणूनबुजून लावलेल्या असतात. जमिनीवरच्या खुणा कोणी लावीत नाही. त्या आपोआप साठत जातात, आणि म्हणूनच त्या वाचणे अधिक अवघड असते.

समजा, एखाद्या मराठी प्रवाशाला डोळे बांधून येलहंक्याच्या शिवारात आणून सोडले. डोळ्यांवरची पट्टी काढल्यावर त्याला काय दिसेल? समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरचे मोकळे पठार, तांबडी माती, मधूनच उघडे पडलेले गोलसर खडक आणि ठिकठिकाणी तळी. ही तळी निसर्गाने दिलेली नाहीत. येथे बारमाही मोठी नदी नाही. म्हणून लोकांनी उतारावर बांध घालून पावसाचे पाणी अडविले, आणि वरच्या तळ्याचा सांडवा खालच्या तळ्याला मिळेल अशी मालिका उभी केली. घाट चढून आलेल्या माणसाला कोकणी माणूस ‘देशावर गेला’ असे म्हणतो. ह्या प्रवाशालाही क्षणभर आपण देशावरच कोठे तरी आहोत असे वाटेल.

इतक्यात त्याच्या पुढ्यात जेवणाचे ताट येते. त्यात काळसर पिठाचा उकडलेला गोळा असतो. कानडी माणूस त्या धान्याला रागी म्हणतो आणि गोळ्याला मुद्दे. प्रवासी कोकणातला असेल तर तो ‘ही तर आमची नाचणी’ असे म्हणेल. नाशिककडचा असेल तर नागली म्हणेल. दोघांनाही आपल्या घरची खूण सापडल्याचा आनंद होईल. आणि दोघांचीही समजूत अपुरी ठरेल. कारण नाचणीचे मूळ घर पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशात आहे. तेथून ती काही हजार वर्षांपूर्वी भारतात आली. ताटातली मिरची तर दक्षिण व मध्य अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेली. बांधावर उभी असलेली निलगिरीची झाडे पाहून ‘हे झाड निदान नावावरून तरी इथलेच’ असे म्हणावे, तर त्याचे मूळ ऑस्ट्रेलियात! उरला तो पायाखालचा खडक. बंगळूरच्या लालबागेत उघडा दिसणारा हा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा जुना मानतात. परंतु कोट्यवधी वर्षांपूर्वी भारताची भूमी आफ्रिका, मादागास्कर आणि अंटार्क्टिका ह्यांना जोडलेली होती. तेव्हा ह्या दगडाचे सोयरेही समुद्रापार आहेत.

माणसांच्या खुणा ह्याहूनही गुंतागुंतीच्या. चोळांच्या कोरीव लेखांत ह्या भागाचे नाव इलैपाक्क नाडू असे तमिळ वळणाचे आढळते. पुढे विजयनगरच्या काळी येथे नाडप्रभूंचे घराणे नांदत होते. त्याच घराण्यातील केंपेगौडा ह्यांनी १५३७ साली बंगळूरचा किल्ला व पेठ वसविली आणि सत्तेचे ठाणे येलहंक्याहून तेथे नेले. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले. त्या मोहिमेत रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे भोसले होते. बंगळूर त्यांना जहागीर मिळाले, आणि पुढे पाव शतकभर ह्या कानडी मुलखात मराठी दरबार भरत राहिला. त्या दरबारात जयराम पिंड्ये हा कवी आला, तेव्हा त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. हे कशाचे, असे विचारता, आपण बारा भाषांत कविता करतो, असे त्याने सांगितले. त्याचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य वि. का. राजवाडे ह्यांनी १९२२ साली प्रसिद्ध केले. एकाच दरबारात संस्कृत, कानडी, फारसी असे अनेक भाषांचे सूर उमटत असताना, केवळ कानांनी देश ओळखू पाहणाऱ्या परक्याने काय उत्तर दिले असते?

शहाजीराजांचा अंत १६६४ साली झाला. त्यांची समाधी महाराष्ट्रात नाही, कर्नाटकातील होदिगेरे येथे आहे. त्यांचे पुत्र व्यंकोजी ह्यांनी तंजावरला राज्य स्थापिले, आणि त्या वंशातील सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास बृहदीश्वराच्या मंदिरात मराठीत कोरविला. मंदिर चोळांचे, मुलूख तमिळ, लेख मराठी. तेवढी एकच भिंत दाखवून ‘हा प्रांत कोणता?’ असे विचारले, तर कोणीही निःशंकपणे महाराष्ट्र म्हणेल, आणि निःशंकपणे चुकेल.

मग खुणा व्यर्थ आहेत काय? तसे मुळीच नाही. एकटी खूण अर्धीच गोष्ट सांगते, एवढेच ह्यावरून ठरते. खेळाचा नियम थोडा बदलावा. एका खुणेवर उत्तर न देता तिच्याशेजारी दुसरी आणि तिसरी ठेवावी. आणि उत्तर सापडल्यावर ‘ही येथे आली कोठून?’ असा एक प्रश्न अधिक विचारावा. बाहेरून आले ते आपले नव्हे, असे म्हणून येलहंक्यातून एकेक वस्तू वगळू लागले, तर आधी ताट रिकामे होईल, मग बांधावरची झाडे जातील, मग दरबारातल्या भाषा मुक्या होतील, आणि शेवटी पायाखालचा दगडही आपला म्हणता येणार नाही. अशा हिशेबाने जगात एकही देश शिल्लक उरावयाचा नाही.

आफ्रिकेतली नाचणी अनेक देशांत गेली; परंतु तिचा मुद्दा करून, सारात बुडवून, न चावता गिळण्याची रीत ह्या पठाराची. पाऊस सर्वत्र पडतो. तो तळ्यांच्या माळेत ओवून ठेवण्याची युक्ती ह्या लोकांची. आलेल्या वस्तूचे ज्याने त्याने काय केले, ह्यातच त्या त्या देशाची खरी ओळख असते. त्या ओळखीसाठी शिखरे आणि मनोरे पाहून भागत नाही. कोणाच्या तरी अंगणात थोडा वेळ बसावे लागते, आणि पुढ्यात आलेल्या ताटाची हकीकत विचारावी लागते.