शस्त्रक्रिया तिकडे, रात्र आपल्याकडे



भूलतज्ज्ञाला भाषणाला उभं केलं की सभा झोपण्याची जोखीम असते. ती पत्करून तुम्ही मला अध्यक्षपद दिलंत, त्याबद्दल आभार. आज बोलायचं आहे तेही जोखमीबद्दलच, लायपोसक्शनच्या.

तुम्ही म्हणाल, हा विषय नागपूर-मुंबईचा. धानाच्या गोंदियात त्याचं काय काम? काम आहे. शस्त्रक्रिया तिकडे होते, पण पुढच्या एखाद्या रात्री दम लागलेला रुग्ण आपलं दार ठोठावतो.

या शस्त्रक्रियेचा धोका टेबलावर संपत नाही. जेफ्री क्लाईन यांनी १९८७ साली मांडलेल्या पद्धतीत त्वचेखाली सलाईन, लिग्नोकेन आणि अ‍ॅड्रिनलीन भरून मग नळीने चरबी ओढतात. त्यामुळे रक्तस्राव खूपच घटला. पण लिग्नोकेनची रक्तातली पातळी शिखर गाठते ती सुमारे बारा तासांनी, म्हणजे कदाचित रुग्ण घरी पोचल्यावर. चरबीचे कण फुप्फुसात अडकले, तर धाप, गोंधळलेपण, छातीवर बारीक लाल ठिपके बहुधा एक ते तीन दिवसांत दिसतात. नळीचं टोक आतड्याला लागलं, तर ते दुखणं ‘टाक्यांचं असेल’ म्हणून घट्ट पट्ट्याखाली दबून राहतं. आणि विदर्भ एक्सप्रेसमध्ये रात्रभर पाय न हलवता बसून आलेल्या माणसाच्या पोटरीत रक्ताची गुठळी धरायला वेळ लागत नाही.

अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे पाच हजार रुग्णांमागे एक मृत्यू आढळला होता. सर्वाधिक मृत्यू फुप्फुसात अडकलेल्या गुठळीने. नंतरच्या पाहण्यांत हे प्रमाण बरंच खाली आलं. तरी मे २०२२ मध्ये बंगळुरूत चेतना राज ही २१ वर्षांची कन्नड अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली, हे विसरता येत नाही.

आपल्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे, सिकलसेल. प्राणवायू कमी पडला, अंगातलं पाणी घटलं की या रुग्णांच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. म्हणून इथला माणूस कुठल्याही शहरात टेबलावर जाणार असेल, तर सिकलसेलची तपासणी आधी इथेच करून द्या.

आणि हे सारं कशासाठी? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लठ्ठ महिलांची नऊ-दहा किलो चरबी काढली. दहा-बारा आठवड्यांनी पाहिलं, तर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल जिथल्या तिथे! भरडाईत तूस निघतं. दाण्यातली कीड निघत नाही. त्वचेखालची चरबी हे तूस. कीड आहे ती आतड्यांभोवतीची चरबी, आणि तिथे ही नळी पोचत नाही.

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं की संमती म्हणजे नुसती सही नव्हे. धोके आणि पर्याय सांगितल्यावर दिलेला होकार. ते सांगणं सर्जनचं काम आहेच. पण आपला रुग्ण ‘जाऊ का, डॉक्टर?’ असं आधी आपल्याला विचारतो. त्याला हसून टाळू नका, घाबरवूही नका. वेळ देऊन सांगा.

आणि तो परत येईल तेव्हा ‘किती किलो उतरले?’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘ऑपरेशनला किती तास झाले?’