घराचा घुमारा आणि गळ्याचा सूर

(शताब्दी सोहळ्यात तरुण टाळकरी व मृदंगवादक मंडळींपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



या सोहळ्यात परमार्थावर बोलणारे अधिकारी लोक पुष्कळ आहेत. आमच्या वाट्याला विषय आला आहे तो व्यवहाराचा. घरात बसून भजन ध्वनिमुद्रित करताना त्यात खोलीचा घुमारा शिरतो. तो इक्वलायझरनं कसा काढायचा, किती काढायचा आणि कुठं हात आवरायचा, एवढंच आम्ही सांगणार आहोत. विषय यंत्राचा वाटेल, पण शेवटी तो आपल्या चालींचा आहे.

कसा, ते बघा. आपल्या दिंडीतल्या चाली कागदावर नाहीत. त्या तोंडातून कानात आणि कानातून गळ्यात आल्या. ज्यांच्या गळ्यात त्या आहेत ती मंडळी आता थकली. गुडघे साथ देत नाहीत; शहरातल्या स्टुडिओत जाणं तर दूरच राहिलं. त्यांचा आवाज घ्यायचा तर त्यांच्याच घरी, त्यांच्याच माजघरात बसून घ्यावा लागतो. आणि हे काम बहुधा एकदाच होतं. पुन्हा घेऊ म्हणून ठेवलं आणि ते माणूसच राहिलं नाही, असं गावोगाव घडलेलं आहे. म्हणून जे एकदाच हाती लागणार, ते नीट हाती लागावं.

आता घुमारा म्हणजे काय? रिकाम्या घागरीत तोंड घालून खालपासून वरपर्यंत "आ" लावा. एका ठरावीक सुराला घागर एकदम बोलते, बाकीच्या सुरांना गप्प असते. खोली ही तशीच एक मोठी घागर आहे. तिचेही काही ठरावीक सूर असतात. आपण त्या सुरावर आलो की खोली आपल्याबरोबर गाऊ लागते.

तिचा सूर काढायला मोठं गणित लागत नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. समजा खोली १२ फूट लांब आहे. आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत यायला जाऊन-येऊन २४ फूट चालतो. ११३० भागिले २४ म्हणजे सुमारे ४७. म्हणजे सेकंदाला ४७ कंपनं असलेला सूर या लांबीत नेमका बसतो. झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की झोका चढत जातो, तसा तो सूर चढतो. त्याची दुप्पट ९४ आणि तिप्पट १४१, हेही त्याच लांबीत बसतात. सेकंदाच्या कंपनांना हर्ट्झ म्हणतात, एवढा एकच शब्द ध्यानात ठेवा.

आता तीच खोली ८ फूट रुंद असेल तर? जाऊन-येऊन १६ फूट. ११३० भागिले १६ म्हणजे सुमारे ७०, आणि त्याची दुप्पट १४१. आलं का लक्षात? लांबीतही १४१ आणि रुंदीतही १४१. दोन्ही झोके एकाच वेळी चढले. आणि पेटीवरची काळी एक, म्हणजे पुष्कळ पुरुष गायकांचा मधला षड्ज, तो आहे १३९ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे ८ बाय १२च्या खोलीत बुवा काळी एकमध्ये गायला बसले की षड्ज आला रे आला की खोली "हूं" करून उठणार, आणि रिषभावर गेले की गप्प बसणार. ऐकणाऱ्याला वाटतं, बुवांचा आवाज असमान आहे. बुवा बिचारे सरळ गाताहेत. असमान आहे ती खोली.

लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही १० फूट असतील तर आणखी वाईट, कारण तिन्हीकडून तेच सूर उठतात : ५६, ११३, १६९. हल्लीच्या स्लॅबच्या, गिलावा केलेल्या, फरशी घातलेल्या चौकोनी खोल्यांत म्हणून जास्त घुमतं. कौलारू घरात फटीफटींतून खालचे सूर बाहेर निसटतात, तिथं त्रास कमी.

याचा खरा तोटा शब्दाला होतो. खालचा सूर फुगला की तो वरचा नाजूक भाग झाकून टाकतो, आणि स, श, त, थ हे उच्चार त्या नाजूक भागातच असतात. आपल्याकडे चाल कितीही गोड असली तरी शब्द कळला पाहिजे. घुमाऱ्यात शब्दच बुडाला तर पुढच्या पोरानं शिकायचं काय?

यावर कोणी म्हणेल, मग सूर बदलून गाऊ द्या. नाही. सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसाला जो सूर झेपतो तोच त्याचा सूर. गळा खोलीसाठी बदलायचा नाही, खोली गळ्यासाठी बदलायची.

म्हणून इक्वलायझरच्या आधीची कामं सांगतो. ती फुकटची आहेत.

पहिलं, जागा. कोपऱ्यात आणि भिंतीला लागून सगळे खालचे सूर सर्वांत जास्त फुगतात, तेव्हा माईक तिथं ठेवायचा नाही. बरोबर मध्यावरही ठेवायचा नाही, कारण काही सूर तिथं जवळजवळ नाहीसेच होतात. मध्यापासून थोडं बाजूला सरकून बसावं. दुसरं, अंतर. माईक गायकापासून एक-दीड वीत अंतरावर, तोंडाच्या किंचित बाजूला. जवळ आणला की गळ्याचा आवाज मोठा होतो आणि त्या मानानं खोलीचा लहान. निम्म्या अंतरावर आणला तर गळ्याचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलनं वाढतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. इतकी सफाई नंतर कोणत्याही यंत्रानं होत नाही.

तिसरं, सामान. भिंतीवर एक पातळ चादर टांगून काही होत नाही. ती फक्त वरचे सूर खाते. आवाज मेंगळट होतो आणि खालचा घुमारा जागच्या जागी राहतो. खालचे सूर आवरायला जाडी लागते. कापसाच्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या करा, गोधड्यांची चळत लावा, आणि भिंतीपासून थोडी सुटी ठेवा. जमलं तर दार उघडं ठेवा. उघड्या दारातून गेलेला आवाज परत येत नाही. चौथं, टाळ. टाळकरी माईकपासून लांब बसवा. टाळाच्या ठोक्यानं आवाज फाटला तर तो इक्वलायझरनं शिवता येत नाही.

एवढं करून जे उरतं, त्याला इक्वलायझर.

त्याआधी एक परीक्षा करा. बुवांकडून एक मिनिट अंगणात गाऊन घ्या आणि तेच एक मिनिट खोलीत. अंगणाला समोरासमोर भिंती आणि वर छत नाही, म्हणून अंगणातला आवाज म्हणजे गळ्याचा खरा आवाज. वारा असो, मोटारसायकल जावो, चालेल. हे मिनिट शेवटपर्यंत तुमचं वजनकाटा आहे. जे खोलीत आहे आणि अंगणात नाही, तेवढंच खोलीचं. जे दोन्हीकडे आहे ते बुवांचं, त्याला हात लावायचा नाही.

इक्वलायझर सगळ्यांनी पाहिला आहे. मंडपवाल्याच्या मशिनवर बास आणि ट्रेबल असतात, ते त्याचंच साधं रूप. पण बासचं बटण कमी केलं तर खालचं सगळंच जातं. बुवांचा खर्ज गेला, मृदंगाचा धूम गेला. आपल्याला तण काढायचं आहे, नांगर फिरवायचा नाही. म्हणून संगणकावरचा असा इक्वलायझर घ्यायचा, ज्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या ठरवता येतात : कोणत्या जागी, किती खाली, आणि किती रुंद. रुंदीला तिथं "क्यू" म्हणतात. क्यूचा आकडा मोठा म्हणजे काप अरुंद.

जागा शोधायची दोन साधनं. एक आपलं गणित. खोलीची लांबी-रुंदी-उंची टेपनं मोजायची आणि आकडे कागदावर मांडायचे. दुसरं कान. इक्वलायझरवर एक अरुंद जागा ८-१० डेसिबल वर उचला, आणि ती ६० पासून २५० हर्ट्झपर्यंत सावकाश सरकवा. हेडफोनचा आवाज आधी कमी करा, नाहीतर कानाला इजा होईल. एका जागी खोली एकदम ओरडते. तो आकडा कागदावरच्या आकड्याशी जुळला, की चोर सापडला. ऑडॅसिटी नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्यात "प्लॉट स्पेक्ट्रम" नावाचा आलेखही निघतो. त्यावर उंचवटा दिसतो. पण सावध राहा. आलेखावर गायकाचा षड्जही उंच दिसणारच, कारण भजन षड्जावर पुन्हापुन्हा येतं. उंच दिसला म्हणून कापला असं करू नका. अंगणातलं मिनिट शेजारी लावा आणि मग ठरवा.

मृदंगाचंही तसंच. धूमेचा घुमार हा त्या कणकेचा आणि वादकाच्या हाताचा आहे. फक्त धूमेवर घुमतं आणि गाण्यात कुठंच घुमत नाही, तर ते बहुधा वाद्याचंच. गळा, पेटी, मृदंग, कोणीही त्या सुरावर आलं की घुमतं, तर ती खोली.

मग उचललेली जागा खाली आणा. आधी ३ डेसिबल. ऐका. मग ४, ५. सहाच्या पुढं जावंसं वाटलं तर थांबा आणि माईकची जागा बदलून पुन्हा घ्या. क्यू ५ ते ८ ठेवा, म्हणजे शेजारचे सूर शाबूत राहतात. आमच्या उदाहरणात १४१वर असा काप घेतला तर षड्ज खाली उतरतो, आणि १५६चा रिषभ जवळपास जागेवर राहतो. पारख अशी : बुवांचा सा-रे-ग सारख्या वजनाचा ऐकू आला की काम झालं. एका खोलीला दोन, फार तर तीन काप पुरतात. दहा काप लागत असतील तर दोष तुम्ही बसलेल्या जागेचा आहे.

एकट्या गळ्याचं मुद्रण असेल तर सुमारे ८० हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाकलं तरी चालतं. तिथं पंख्याची घरघर आणि रस्त्यावरची धडधड असते. मृदंग असेल तर मात्र काढू नका.

आता इक्वलायझरला काय जमत नाही, तेही सांगितलं पाहिजे. काही जागी खोली सूर फुगवते, तसा काही जागी सूर खाऊनही टाकते. तो खड्डा इक्वलायझरनं भरत नाही. जे माईकपर्यंत आलंच नाही ते उचलणार कुठून? उचललात तर फक्त खरखर वर येते. तसाच टाळी वाजवल्यावर भिंतीभिंतींत थरथरणारा प्रतिध्वनी. तोही इक्वलायझरचा विषय नाही, तो गोधडीचा विषय आहे.

ऐकायचं कशावर? मोबाइलच्या स्पीकरवर खालचे सूर वाजतच नाहीत, त्यामुळे घुमारा कळत नाही. आणि मग तेच मुद्रण सप्ताहाला देवळाच्या मोठ्या स्पीकरवर लावलं की सगळा मंडप घुमतो. घरात मोठे स्पीकर लावून दुरुस्ती केली तर ऐकण्याच्या खोलीचा घुमारा कानावर येतो आणि तुम्ही भलताच सूर कापता. म्हणून बरा हेडफोन लावा. आणि मोबाइलवर घेत असाल तर आवाज आपोआप "स्वच्छ" करणारी सोय बंद ठेवा. ती वीणेच्या अखंड नादाला खरखर समजून दाबू शकते.

शेवटची गोष्ट, आणि तीच आमच्या मते मुख्य. मूळ मुद्रणाला कधीही हात लावायचा नाही. दुरुस्ती करायची ती नकलेवर. मूळ फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा. सीडीच्या दर्जाला मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात. आजच्या पेन ड्राइव्हला ते काही ओझं नाही. दोन जणांच्या घरी दोन प्रती ठेवा. बरोबर एका कागदावर लिहा : गाव, तारीख, खोलीची मापं, गायकाची पट्टी, माईक कुठं होता आणि आपण काय कापलं. आज आपल्या कानाला जे बरोबर वाटलं ते वीस वर्षांनी कोणाला जास्त वाटेल. त्यानं मूळ काढावं आणि पुन्हा बघावं, एवढी वाट त्याच्यासाठी मोकळी ठेवायची.

कारण या मुद्रणावरून एखादं पोर चाल शिकणार आहे, आणि त्यानं त्या बुवांना पाहिलेलं नसेल. आपण घुमारा तसाच ठेवला तर ते खोलीची नक्कल करील. आपण जास्त कापलं तर खर्ज नसलेला पोकळ आवाज हाच आपल्या दिंडीचा आवाज, असं समजेल. खोलीनं जेवढं घातलं तेवढंच काढायचं. गळ्याचं गळ्याकडे राहू द्यायचं.

तरुण मंडळींनी पंचमीची, एकादशीची वाट बघू नये. ज्यांच्या घरी कोणी जुने गाणारे आहेत त्यांनी या आठवड्यातच टेप घेऊन खोली मोजावी, गाद्या कोपऱ्यात उभ्या कराव्यात आणि एक मिनिट अंगणात, मग खोलीत, असा आवाज घ्यावा. पुढचं सगळं सावकाश करता येतं.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!