रुळांच्या कडेची जमीन



स्मृतिव्याख्यानासाठी साहित्य, इतिहास अथवा तत्त्वज्ञान यांतील एखादा विषय घ्यावा, असा आपल्याकडे संकेत आहे. मी मात्र मुंबईच्या लोकलच्या टप्प्यात परवडणारी जमीन कशी शोधावी, हा निव्वळ व्यवहारातला विषय घेऊन आपल्यासमोर उभा आहे. त्याला कारणे दोन. पहिले असे की, वडोदऱ्याच्या आपल्या या शाळेतून बाहेर पडणारी कितीतरी मुले पोटापाण्यासाठी मुंबईची गाडी धरतात आणि दहा-पंधरा वर्षांनी त्यांच्यापुढे हाच प्रश्न येऊन उभा राहतो. दुसरे कारण खुद्द गुरुजी. क्षेत्रफळाचा धडा शिकवताना त्यांनी आम्हां मुलांना मैदानावर नेले होते. चुन्याने 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद असा चौरस आखला, साऱ्या वर्गाला त्यात उभे केले आणि सांगितले की हा एक गुंठा. असे चाळीस झाले की एक एकर. 1,089 चौरस फूट हा आकडा मी पाठ केला. त्या चुन्याच्या रेषेचे मोल मात्र मला फार उशिरा कळले.

प्रथम रेल्वे आणि जमीन यांचा संबंध पाहू. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, पुढल्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. 1925 मध्ये मुंबईत विजेची गाडी धावू लागली आणि 1936 पर्यंत ती विरारला जाऊन भिडली. लोकलचे शेवटचे स्थानक जसजसे पुढे सरकले, तसतशी शेताची वाडी झाली, वाडीचा भूखंड झाला आणि भूखंडाचा भाव झाला. आपण वडोदऱ्याची मंडळी मुंबईस जाताना घोलवड, डहाणू, पालघर, सफाळे ही स्थानके खिडकीतून पाहतो आणि केवढी ही मोकळी जमीन, असे मनात म्हणतो. 16 एप्रिल 2013 पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाऊ लागली, तेव्हा तेथील जमिनीकडे पाहण्याची शहराची दृष्टीही बदलली.

परंतु नकाशावर लोकल पोचली म्हणजे माणूस वेळेवर कचेरीत पोचला, असे होत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याण सुमारे 54 किलोमीटर, कर्जत सुमारे 100 आणि कसारा सुमारे 120. कल्याणपुढे मार्गाला दोन फाटे फुटतात आणि गाड्याही दोन दिशांना वाटल्या जातात. विरारपलीकडे लोकलला लांब पल्ल्याच्या गाड्यांबरोबर वाट काढावी लागते. म्हणून दोन गाड्यांमध्ये किती अवकाश आहे आणि रात्रीची शेवटची गाडी कोणती, हे विचारल्यावाचून अंतराला अर्थ नाही. घर ते स्थानक, गाडीची प्रतीक्षा, प्रवास आणि पुढे कचेरी, असे जाऊन-येऊन पाच तास लागत असतील आणि वर्षाचे कामाचे दिवस 250 धरले, तर 1,250 तास होतात. म्हणजे वर्षातले बावन्न अहोरात्र गाडीत गेले. स्वस्त जमिनीच्या किमतीत हे दिवस मिळवल्याखेरीज ती स्वस्त आहे की नाही, हे ठरवता येत नाही. माझी तरुणांना सूचना आहे की, इसार देण्यापूर्वी एक आठवडा, तोही पावसाळ्यातला, त्या स्थानकावरून कचेरीत जाऊन-येऊन पाहावे.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना आजही संकोच वाटतो. 1986 साली मी डोंबिवलीत भाड्याच्या खोलीत राहत होतो. कर्जतच्या वाटेवर, स्थानकापासून चालत पाऊण तासावर, चार गुंठे जमीन मिळते असे कळले. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, त्याच वर्षी सेवानिवृत्त झाले होते. त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतले काही आणि माझ्या शिलकीतले काही असे बावीस हजार रुपये मी दिले. हाती आला तो मुद्रांकावरचा करारनामा. त्याची नोंदणी झालेली नव्हती. नाना हौसेने जमीन पाहण्यास आले. श्रावणातली सर येऊन गेली होती, गुडघाभर गवत माजले होते. छत्री मिटून त्यांनी मला एवढेच विचारले की आपली हद्द कोठून कोठवर? मला ती दाखवता आली नाही. मोजणी झालीच नव्हती. पुढे उलगडले की जमीन शेतीची होती, विकणाऱ्याखेरीज त्याच्या बहिणींचीही नावे सातबाऱ्यावर होती आणि त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. जमीन माझ्या नावे कधीच झाली नाही. निम्मी रक्कम चार वर्षांत तुकड्यातुकड्याने परत आली. नानांनी तो विषय पुन्हा काढला नाही. परंतु त्यानंतर त्यांनी नवे कापड घेतल्याचे मला आठवत नाही.

त्या सातबाऱ्याची प्रत माझ्या खिशात होती. मी ती वाचली नव्हती. गावचा नमुना सात जमिनीवर कोणाचा हक्क आहे ते सांगतो, बारा त्यात काय पिकते ते सांगतो. त्यातील ‘इतर हक्क’ हा रकाना बहुतेक जण सोडून देतात. वास्तविक कूळ, बोजा, वारस यांची वर्दी तेथेच मिळते. प्रत्येक नाव कसे लागले, हे फेरफाराच्या नोंदी सांगतात. भोगवटादार वर्ग 2 असे लिहिलेले असेल, तर त्या जमिनीच्या हस्तांतरावर शासनाचे निर्बंध असतात. जुन्या दस्तांचा निदान तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा आणि भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करवून हद्दीच्या खुणा डोळ्यांनी पाहाव्यात.

यापुढे कायद्याच्या चार भिंती आहेत. 1948 च्या कुळकायद्याचे कलम 63 महाराष्ट्राला आणि आपल्या गुजरातलाही जुन्या मुंबई राज्याचा वारसा म्हणून मिळाले. त्यान्वये बिगरशेतकऱ्यास परवानगीवाचून शेतजमीन साधारणतः घेता येत नाही. 1947 चा तुकडेबंदी कायदा लहान तुकडे पाडण्यास आडवा येतो. त्याच्या अटी, विशेषतः शहरांलगत, वेळोवेळी सैल झाल्या असल्या, तरी सर्वत्र मोकळीक आहे असे समजू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 36-अ आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे जाण्यास अटकाव करते. आणि आराखड्यात हरित पट्टा असेल, तर तेथे मनाजोगे घर बांधता येत नाही. डहाणू तालुका 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. माथेरानच्या परिसराला 2003 मध्ये असेच संरक्षण मिळाले. त्याची झळ नेरळ-कर्जतच्या बाजूस जमीन पाहणाऱ्यास लागते.

पाचवी भिंत नदीची. 26 जुलै 2005 च्या महापुरात उल्हास नदीने बदलापूरकडील वस्त्यांत थैमान घातले. 27 जुलै 2019 रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्याने वेढली गेली आणि शेकडो प्रवाशांना नावांतून बाहेर काढावे लागले. स्वस्त भूखंड पुष्कळदा अशाच सखल जागी असतात. पूररेषेचा नकाशा पाहावाच. पण गावातील वृद्धांनाही विचारावे की त्या साली पाणी कोठवर आले होते.

मित्रहो, या निर्बंधांना आपण सहज अडथळे म्हणतो. दुसऱ्याच्या नावावर जमीन घेऊन ठेवण्याच्या युक्त्या सांगणारेही भेटतात. कर्जतकडील कातकरी आणि ठाकर, पालघर-डहाणूकडील वारली यांच्या हातून जमिनी कशा गेल्या, हे जाणणारा मनुष्य अशा युक्तीला शहाणपण म्हणणार नाही. आपल्याला जी जागा शनिवार-रविवारच्या विसाव्यासाठी हवी असते, ती कोणाची भाकरी असते. माझे बावीस हजार अर्धे बुडाले, याचे दुःख मला आहेच. परंतु त्या बहिणींच्या संमतीवाचून तो व्यवहार पार पडला असता, तर माझ्या घराच्या पायात त्यांचा हक्क गाडला गेला असता, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले.

मग साध्या पगारदाराने करावे काय? बिनशेती आदेश झालेला, मंजूर रेखांकनातला भूखंड घ्यावा. तो महाग वाटला, तरी त्यातून भय वजा झालेले असते. 2016 च्या स्थावर संपदा कायद्यान्वये मोठ्या भूखंड-प्रकल्पांना महारेराची नोंदणी लागते. तिचा क्रमांक स्वतः पडताळावा. गावठाणातील जुने घर मिळाल्यास त्याचाही विचार करावा. अनेकांनी मिळून रीतसर सहकारी संस्था काढावी. आणि भावी रेल्वेमार्गाच्या बातमीवर विसंबून आज पैसे देऊ नयेत; मार्ग मंजूर होणे आणि गाडी धावणे यांत कित्येकदा दशके जातात.

माझी शाळेला एक नम्र विनंती आहे. दहावीच्या मुलांना वर्षातून एक तास सातबारा वाचायला शिकवावा. गुजरातेतही याच नावाचा उतारा असतो, तेव्हा तो आणणे अवघड नाही. आणि जमल्यास त्या दिवशी मैदानावर पुन्हा 33 फुटांचा चौरस आखावा. गुरुजींनी आम्हांला त्यात उभे केले होते, तेव्हा प्रत्येकाला आपली हद्द कोठे आहे ते दिसत होते. नानांना मी ती दाखवू शकलो नाही. आपल्या मुलांवर अशी वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे सारे बोललो.